अतिदक्षता विभागातील रक्तशर्करा आणि गणित



पूर्वी मधुमेह नसलेल्या रुग्णाची रक्तशर्करादेखील अतिदक्षता विभागात वाढू शकते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. गंभीर आजाराच्या ताणामुळे शरीरात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन ही संप्रेरके अधिक स्रवतात. यकृत साखर निर्माण करीत राहते आणि पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. अशा वेळी इन्सुलिन किती द्यावे, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो.

बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील डॉ. ग्रेट व्हान डेन बर्घे यांनी २००१ साली १५४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साखर दर डेसिलिटरला ८० ते ११० मिलिग्रॅम राखली असता विभागातील मृत्यूंचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. परंतु २००९ च्या 'नाइस-शुगर' चाचणीत, सहा हजारांहून अधिक रुग्णांत, उलट चित्र दिसले. काटेकोर नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांतील मृत्यू २७.५ टक्के, तर दुसऱ्या गटात २४.९ टक्के होते. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाणही ६.८ टक्के विरुद्ध ०.५ टक्का असे होते. साखर फार उतरली की मेंदूचे पोषण खुंटते; आणि बेशुद्ध रुग्ण तक्रार करू शकत नाही.

येथे गणित साहाय्यास येते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे जेफ्री चेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर, इन्सुलिन आणि पोषण यांचे परस्परसंबंध विकलक समीकरणांत मांडले. रुग्णाच्या मोजमापांवरून संगणक त्याची 'इन्सुलिन-संवेदनशीलता' काढतो. ती व्यक्तिगणिक, किंबहुना तासागणिक बदलते. म्हणून पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींच्या आधारे पुढील एक ते तीन तासांत ती कोणत्या मर्यादांत राहील, याचा अंदाज घेतला जातो. आणि साखर ८० च्या खाली जाण्याची शक्यता ५ टक्क्यांपलीकडे जाणार नाही, अशी मात्रा व पोषण सुचविले जाते.

तरीही एक विवेक राखला पाहिजे. ल्यूव्हेनच्याच २०२३ मधील ९२३० रुग्णांच्या चाचणीत संगणकाच्या साहाय्याने काटेकोर नियंत्रण साधले, साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंगही विरळ राहिले. पण मृत्यू वा विभागातील मुक्काम घटला नाही. ठरविलेले लक्ष्य गाठण्याचा मार्ग समीकरण दाखविते. ते लक्ष्य हितकर आहे की नाही, हे रुग्णांवरील चाचण्यांनीच ठरते. शिवाय नळीवाटे चाललेले पोषण मध्येच थांबले, तर कोणी नोंद केल्यावाचून संगणकास ते कळत नाही. ते खाटेशेजारच्या परिचारिकेनेच पाहावे लागते. आपल्यापैकी जे वैद्यकाकडे वा अभियांत्रिकीकडे वळतील, त्यांनी या दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात, एवढीच माझी विनंती आहे.