रुळांवरचा हुकूम आणि इंटरनेटचा भ्रम

पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वे-संग्रहालय पाहून, किंवा परदेशस्थ आप्ताने धाडलेल्या एखाद्या इंजिनाच्या निमित्ताने ज्यांना या छंदाची गोडी लागली, आणि ज्यांनी घरातील एका खोलीत रूळ, सांधे व सिग्नल यांची मांडणी मोठ्या कष्टाने उभी केली, अशा गृहस्थांकडून एक विधान मला इतक्या वेळा आणि इतक्या निःशंक स्वरात ऐकावे लागते की, त्याचा सविस्तर परामर्श घेतल्यावाचून आता राहवत नाही. ते विधान असे : गाड्या मोबाईल फोनवरून चालवावयाच्या तर वायफाय हवे, वायफाय म्हणजेच इंटरनेट, सबब ज्या घरात किंवा प्रदर्शनाच्या ज्या सभागृहात इंटरनेटची जोडणी नाही, तेथे फोनवरून गाडी चालणे अशक्य. यांतील पहिले वाक्य बहुतांशी खरे आहे, दुसरे साफ खोटे आहे, आणि तिसरे दुसऱ्याच्याच आधारावर उभे असल्यामुळे त्याच्याबरोबर कोसळते. तरीही या समजुतीपायी कोणी माळ्यावरच्या खोलीसाठी दरमहा इंटरनेटचे भाडे भरतो, कोणी प्रदर्शनात फोन खिशातच ठेवतो, आणि बिघाड झाला तर जेथे दोष असण्याची सुतराम शक्यता नाही, तेथेच त्याचा शोध घेत बसतो.

वस्तुस्थिती समजून घ्यावयाची तर गाडीला हुकूम कोण देतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. जुन्या पद्धतीत रुळांतील विजेचा दाब कमीअधिक करून वेग नियंत्रित होत असे, आणि त्यामुळे एका रुळावर असलेली सर्व इंजिने एकाच वेळी धावत किंवा एकाच वेळी थांबत. ही अडचण दूर करणारी डीसीसी नावाची अंकीय पद्धत जर्मनीतील लेन्झ या कंपनीच्या कार्यातून पुढे आली, आणि अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९४ मध्ये तिला प्रमाणपद्धतीचा दर्जा दिला. या पद्धतीत रुळांवर विजेचा पूर्ण दाब सदैव राहतो आणि त्याच विजेची दिशा अत्यंत जलद गतीने पालटून तिच्यातच संदेश गुंफला जातो : दिशा ५८ मायक्रोसेकंदांच्या अंतराने पालटली तर तो अंक ‘एक’, आणि १०० मायक्रोसेकंद किंवा अधिक अंतराने पालटली तर ‘शून्य’. प्रत्येक संदेशात प्रथम इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, आणि शेवटी रुजुवातीसाठी एक अंकसमूह असतो. इंजिनाच्या पोटात बसविलेला डिकोडर आपला पत्ता ओळखतो, रुजुवात जुळत नसेल तर संदेश टाकून देतो, आणि जुळत असेल तर मोटारीला त्याप्रमाणे वीज देतो. हे संदेश तयार करणारे आणि ते रुळांवर अखंड, पुनःपुन्हा पाठवीत राहणारे यंत्र म्हणजे कमांड स्टेशन. सर्व मुखत्यारी त्याच्याकडे आहे. फोन हा त्याच्यापुढे केवळ अर्ज सादर करणारा एक हस्तक आहे, आणि हा अर्ज तारेने जोडलेल्या हातयंत्रावरून आला काय किंवा फोनवरून आला काय, कमांड स्टेशनच्या लेखी त्यात भेद नाही.

आता हा अर्ज फोनपासून कमांड स्टेशनपर्यंत कोणत्या वाटेने जातो ते पाहू. सर्वांत प्रचलित व्यवस्थेत कमांड स्टेशन एका संगणकाला जोडलेले असते, त्या संगणकावर जेएमआरआय ही विनामूल्य संगणकप्रणाली चालू असते, आणि फोनवर ‘इंजिन ड्रायव्हर’ किंवा ‘वायथ्रॉटल’ यांसारखे ॲप असते. फोन आणि संगणक हे दोघेही घरच्या राउटरशी जोडलेले असतात. फोनवरील सरकपट्टी आपण बोटाने पुढे ढकलली की, रोमन ‘व्ही’ हे अक्षर आणि त्यापुढे ०पासून १२६पर्यंतचा वेगाचा आकडा, असा एक चिमुकला मजकूर राउटरमार्गे संगणकाच्या १२०९० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, पोहोचतो. संगणक तो कमांड स्टेशनच्या भाषेत उतरवून पुढे पाठवितो, आणि कमांड स्टेशन त्याचा रुळांवरील संदेश करते. या संपूर्ण प्रवासात मजकुराने घराचा उंबरठा एकदाही ओलांडलेला नसतो. वाड्यातल्या माजघरातून ओसरीवर निरोप धाडण्यासाठी टपालखात्याची गरज नसते. वायफाय ही त्या वाड्यातील वाट आहे, आणि इंटरनेट हे टपालखाते आहे.

शंका उरलीच तर या यंत्रांचे पत्तेच तपासून पाहावेत. रोको कंपनीच्या झेड२१ या कमांड स्टेशनचा मूळ पत्ता १९२.१६८.०.१११ असा आहे. डिजिट्रॅक्स कंपनीची वायफाय-पेटी १९२.१६८.७.१ या पत्त्यावर राहते. आणि छांदिष्टांनीच निर्माण केलेली डीसीसी-ईएक्स ही व्यवस्था स्वतःचे वायफाय उभारते तेव्हा १९२.१६८.४.१ हा पत्ता धारण करते. या सर्वांच्या आरंभी असलेले १९२.१६८ हे आकडे योगायोगाने आलेले नाहीत. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळाने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या १९१८ क्रमांकाच्या दस्तऐवजात पत्त्यांच्या तीन मालिका खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवल्या, त्यांतील ही एक होय. सार्वजनिक इंटरनेटवर या पत्त्यांची वाहतूक होतच नाही. म्हणजे ज्या पत्त्यावर आपला फोन बोलत आहे तो पत्ता इंटरनेटवर अस्तित्वात असणेच नियमाने शक्य नाही, आणि तरीही इंटरनेटवाचून गाडी चालणार नाही असे आपण म्हणत राहतो. डिजिट्रॅक्सच्या आणि डीसीसी-ईएक्सच्या पेट्यांना तर घरच्या राउटरचीही गरज नसते. त्या आपले स्वतंत्र वायफाय प्रक्षेपित करतात, फोन थेट त्याला जोडला जातो, आणि एखाद्या डोंगरावरच्या धर्मशाळेतही, नुसती वीज असली म्हणजे, गाड्या चालतात.

मग इतका उघड भ्रम टिकून का राहिला? याचे उत्तर फोनच्या वर्तनात आहे, आणि ज्यांना हा भ्रम आहे त्यांना सर्वस्वी दोष देणे त्यामुळे अन्यायाचे होईल. आजचे फोन एखाद्या वायफायला जोडले गेले की, इंटरनेटवरील एका ठराविक ठिकाणाकडून उत्तर येते की नाही, याची गुपचूप चौकशी करतात. उत्तर न आल्यास ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ अशा अर्थाची सूचना दाखवितात, आणि पुष्कळदा आपल्याला न विचारताच आपली वाहतूक मोबाईल डेटाकडे वळवितात. त्या क्षणी ॲपचा मजकूर कमांड स्टेशनकडे न जाता मोबाईल कंपनीच्या जाळ्यात जातो, १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता तेथे कोणालाच ठाऊक नसतो, गाडी हालत नाही, आणि पडद्यावर ‘इंटरनेट नाही’ ही अक्षरे तर समोर असतातच. पाहणारा या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध जोडून मोकळा होतो. वस्तुतः येथे इंटरनेटच्या अभावाने काही अडले नव्हते. इंटरनेट शोधण्याच्या फोनच्या हट्टाने अडले होते. उपायही तितकाच सोपा आहे : मोबाईल डेटा बंद करावा, किंवा फोन विचारील तेव्हा ‘याच वायफायवर राहा’ असे त्याला निक्षून सांगावे, अथवा विमान-मोड लावून त्यानंतर केवळ वायफाय सुरू करावे. सिमकार्ड काढलेला जुना फोन या कामी उत्तम, कारण त्याला पळून जाण्यास दुसरी वाटच नसते.

याहून निर्णायक पुरावा उलट दिशेने मिळतो, आणि ज्यांच्याशी मी या विषयावर वाद घातला आहे त्यांनी याचा शांतपणे विचार करावा, असे मला मनापासून वाटते. इंटरनेट उत्तम चालू आहे, फोनवर चलच्चित्रे विनासायास दिसत आहेत, आणि तरीही ॲपला गाडी सापडत नाही, अशा तक्रारी काही थोड्या नाहीत. इंटरनेट हेच कारण असते तर हे घडले नसते. कारणे निराळी असतात. फोन राउटरच्या पाहुण्यांसाठी राखलेल्या जाळ्यावर असतो, आणि त्या जाळ्यावरील उपकरणांना इंटरनेटची मुभा असली तरी घरातील इतर यंत्रांशी बोलण्याची मनाई असते. किंवा संगणकाची राखण करणारी फायरवॉल १२०९० क्रमांकाच्या पोर्टवर येणाऱ्याला दारातूनच परत पाठविते. किंवा आयफोनवर, २०२० साली आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून, स्थानिक जाळ्यावरील यंत्रे शोधण्यासाठी प्रत्येक ॲपला मालकाची परवानगी घ्यावी लागते, आणि मालकाने घाईघाईत ती नाकारलेली असते. या तिन्ही ठिकाणी इंटरनेटचा वेग दुप्पट केला तरी इंजीन एक इंचही पुढे सरकणार नाही. ॲपला यंत्र आपोआप सापडत नसेल तर त्याचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक स्वतः लिहून पाहावा. पुष्कळ वेळा तेवढ्यानेच काम होते.

इंटरनेट मुळीच लागत नाही असे मात्र मी म्हणत नाही. ॲप व जेएमआरआय उतरवून घेण्यास ते लागते, यंत्रांच्या अंतर्गत प्रणालीची नवी आवृत्ती आणण्यास लागते. ते काम एकदा उरकले की राउटरला बाहेरून येणारी तार उपटून ठेवावी आणि गाडी चालवून पाहावी. फोनवर दिसणारी इंजिनांची नावे आणि चित्रे हीदेखील आपल्याच संगणकावरील नोंदींतून येतात, परदेशातील कोणत्याही दप्तरातून नव्हे. आणि परका कोणी इंटरनेटवरून आपली गाडी पळवील, ही भीती ज्यांना आहे त्यांनी राउटरवर बाहेरच्यासाठी मुद्दाम वाट उघडली नसेल, तर निश्चिंत असावे.

दुसरा एक गैरसमज सौम्य आहे, पण उपद्रव त्याचाही होतो : फोन थेट इंजिनाशी बोलतो, म्हणून बोगद्यात शिरलेल्या गाडीपर्यंत वायफाय पोहोचत नाही. डीसीसीमध्ये इंजिनाकडे जाणारा हुकूम रुळांतून जातो हे वर आलेच आहे. बोगद्यात गाडी अडखळत असेल तर तेथील रूळ आणि चाके पुसावीत, राउटर हलवू नये. हॉर्नबी कंपनीच्या एचएम७००० मालिकेसारखे काही डिकोडर फोनचे संदेश हवेतून थेट घेतात हे खरे, पण तेथील माध्यम ब्लूटूथ आहे, आणि ती व्यवस्थाच वेगळी आहे.

फोनची बॅटरी संपली किंवा मध्येच कोणाचा फोन आला तर गाडी बेफाम धावत सुटेल, हा तिसरा आक्षेप. यात अर्धे सत्य आहे, म्हणून तो एका वाक्यात उडवून लावता येत नाही. जेएमआरआयच्या वायथ्रॉटल पद्धतीत फोनने ठराविक काळाच्या आत, सामान्यतः १० सेकंदांत, आपण हजर असल्याची खूण पाठवावी असे बंधन घालता येते, आणि ती खूण न आल्यास त्या फोनच्या ताब्यातील इंजीन थांबविले जाते. झेड२१च्या नियमांत फोनने मिनिटातून निदान एकदा संपर्क साधला नाही तर त्याचे नाव नोंदीतून कमी होते, एवढेच. गाडी थांबविण्याचे बंधन त्यात नाही. सबब आपल्या व्यवस्थेत कोणता नियम लागू आहे हे गाडी चालविण्यापूर्वी पाहून घ्यावे, आणि तारेने जोडलेले एक हातयंत्र किंवा तातडीने वीज तोडणारी कळ हाताशी असू द्यावी. मुले गाड्या चालवीत असतील तर याबाबत कसूर करू नये.

उरलेल्या समजुती थोडक्यात सांगतो. वायफायमुळे गाडीला वीज मिळत नाही. ती कमांड स्टेशन किंवा त्याला जोडलेला बूस्टर नावाचा शक्तिवर्धक देतो, आणि गाड्या वाढल्या की त्याचीच क्षमता वाढवावी लागते. घरच्या वायफायसाठी सरकारी परवाना लागत नाही; २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ सालच्या अधिसूचनेने परवानामुक्त केला आहे. एका पेटीला वाटेल तितके फोन जोडता येतात हे खरे नाही. डिजिट्रॅक्सची पेटी एका वेळी चारच फोन घेते, अधिक हवे असल्यास दुसरी पेटी लावावी लागते. गर्दीच्या प्रदर्शनात फोनला उत्तर उशिरा मिळू लागले तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील १, ६ आणि ११ या तीन वाहिन्यांपैकी जी सर्वांत मोकळी असेल तिच्यावर राउटर न्यावा. आणि वायफायची पेटी आणली म्हणजे आजोबांच्या वेळचे जुने इंजीन आपोआप फोनवरून चालू लागते, हेही खरे नाही : डिकोडर नसलेले इंजीन रुळांवरील संदेश वाचूच शकत नाही, आणि ते तसेच डीसीसीच्या रुळांवर उभे केले तर सतत दिशा पालटणाऱ्या विजेने त्याची मोटार गुणगुणत तापत राहते, लोखंडी गाभा नसलेल्या नाजूक मोटारी तर त्याने जळूनही जातात. अशा इंजिनात आधी डिकोडर बसवून घ्यावा, आणि तोवर ते रुळांवरून उचलून ठेवावे.