घासाल तितके पिवळे

वर्तकनगर नाक्यावरून उपवनकडे निघालं की केमिस्ट, डेअरी आणि दातांचा दवाखाना अशा पाट्या आलटून पालटून लागतात. लग्नसराईत या दवाखान्यांत हमखास एक प्रश्न येतो: दात पांढरे करून मिळतील का? मिळतात. पण दात पिवळे कशाने झालेत ते आधी बघावं लागतं, आणि घरच्या उपायांत नेमकं तेच राहून जातं.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असतं. त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर. त्यामुळे चांगला धडधाकट दातही दुधासारखा पांढरा नसतो, आणि वयानुसार कवच झिजलं की खालचा रंग जास्त डोकावतो. हे ठाऊक नसलं की माणूस लिंबू-सोडा, मीठ, नाहीतर मोबाइलवर बघितलेली कोळशाची काळी पेस्ट घेऊन दातांच्या मागे लागतो. सुरुवातीला दात उजळतात, कारण वरचे डाग निघतात. पुढे कवचही निघू लागतं, आणि ते पुन्हा येत नाही. लिंबाचं तर विचारूच नका. पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा असतो दोन-अडीच.

रगडण्याचा हा सोस जुनाच. राखुंडी होती, आणि मशेरी तर अजून आहे. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची; सकाळी एकदा बोटाने लावायची, मग जेवल्यावर पुन्हा, मग काम उरकल्यावर. कोकणातून, साताऱ्याकडून पोटापाण्यासाठी ठाण्यात आलेल्या कितीतरी घरांत ती डबी सोबत आली. दात घासायला म्हणून घेतलेली ही वस्तू दातांवर तपकिरी-काळा थर चढवते, सुटता सुटत नाही आणि तोंडाच्या कॅन्सरला वाट करून देते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत ती कशी पोचणार?

चहा, तंबाखू, पान यांचे डाग वरचेच असतात. त्यांच्यासाठी ब्लीचिंग लागत नाही, स्केलिंग पुरतं. तरी “डॉक्टर, दात हलतील ना?” ही भीती काही जात नाही. होतं असं, की फटींत बसलेलं कीटण निघतं, फटी मोकळ्या होतात, जीभ तिथे सारखी जाते आणि दात सैल झाल्यासारखं वाटतं. खरं तर हिरड्या सोडवून दात खिळखिळे करतं ते कीटणच. खर्चाची अडचण असेल तर लोकल पकडावी: मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय खासगी दवाखान्यांपेक्षा बरीच स्वस्त पडतात.

आतला रंग वेगळा. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने लहानपणीच दातांवर पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत. पडल्या-आपटल्यानंतर एखादाच दात काळवंडला तर आतली नस मेलेली असू शकते. त्याचा आधी एक्स-रे काढावा.

वयाने आलेल्या पिवळेपणावर खरं चालतं ते पेरॉक्साइड. दवाखान्यात तासाभरात जोरकस जेल लावतात, किंवा तुमच्या दातांच्या मापाचा ट्रे करून 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घरी रात्री लावायला देतात. दुसरा मार्ग संथ, दोन-तीन आठवड्यांचा, पण मला तोच शहाणपणाचा वाटतो. त्यात दात शिवशिवण्याचा त्रास सहसा कमी होतो, आणि झाला तर एखादी रात्र वगळता येते. गरोदरपणात आणि अठराच्या आत हे करू नये; कीड किंवा सुजलेल्या हिरड्या असतील तर आधी त्यांचे उपचार.

‘एका ब्रशिंगमध्ये शुभ्र’ म्हणणाऱ्या काही पेस्टमध्ये निळा रंग असतो. पांढऱ्या सदऱ्याला नीळ द्यावी तसा तो दातावर बसतो, पिवळेपणा झाकतो आणि काही तासांत उतरतो. समारंभापुरता चालेल.

उजळलेले दात टिकवायचे तर मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट पुरते. आंबट खाल्ल्यावर लगेच घासू नये, चूळ भरून अर्धा-एक तास थांबावं. चहा सोडा असं ठाणेकराला कोण सांगणार. निदान कपभर चहा तासभर घुटक्याघुटक्याने पिऊ नये.

आणि समोरच्या दातावर कॅप किंवा सिमेंट असेल, तर त्यावर ब्लीचचा काही परिणाम होत नाही. आजूबाजूचे दात उजळतात, कॅप होती तशीच पिवळट राहून उठून दिसते. म्हणून आधी ब्लीचिंग, दोनेक आठवड्यांनी रंग स्थिरावला की त्याला जुळणारी नवी कॅप. हळदीच्या आदल्या दिवशी दवाखाना गाठणाऱ्यांना हे गणित जमत नाही.