पंगतीत न जेवणारे मूल

घरात मुलाने भाजी बाजूला सारली तर आई त्याला गूळ-भाकरी तरी देते. पण अंगणवाडीत, शाळेत, वसतिगृहात, विहारातल्या उन्हाळी शिबिरात पन्नास मुलांची पंगत असते. एकाला मेथी नको, दुसऱ्याला आमटीतला कांदा नको, तिसरा नुसता भात चिवडत बसतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईने कुणाकुणाचे लाड पुरवायचे?

या बाबतीत आपल्या भागाची शिदोरी मोठी आहे. ज्या साताऱ्यात लहानग्या भीमरावांना शाळेत स्वतःचे गोणपाट नेऊन वेगळे बसावे लागले, त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. पोरे एका पंगतीला बसत, आणि त्यांच्या पोटाची काळजी वाहत होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या या बाईने पोरांसाठी ते सोडले. कोठीत धान्य संपले तेव्हा दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या गेल्या. संस्थांच्या समारंभात देणगीदारांची नावे वाचली जातात, चुलीपुढचे हात मागे राहतात. हे मला फार खटकते.

त्या पोरांना खाण्याचे नखरे परवडणारे नव्हते. आजच्या मुलाच्या हातात मात्र पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा सहज येतो, मग आमटी कशी गोड लागणार?

आमच्या वस्तीतल्या शिबिरात कोठी आणि हिशोब माझ्याकडे असतो. कारकुनी सवयीने मी परत आलेल्या अन्नाचीही नोंद ठेवतो. मेथीची पातळ भाजी बादलीत परत येते. तीच मेथी ज्वारीच्या पिठात मळून थालीपीठ केले की तुकडा उरत नाही. गरम भाकरी संपते, गार झालेली उरते. घेवड्याची उसळ आवडते, पण तिखट झाली की लहान मुले ताट सारतात. म्हणून चटणी घालण्यापूर्वीच त्यांची उसळ वेगळी काढावी. शेंगा सोलायला मुलांनाच बसवावे. स्वतः सोललेला दाणा मूल सहसा टाकत नाही. नको असलेला पदार्थ चमचाभरच वाढावा आणि पुन्हा पुन्हा वाढत राहावे. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा लागतात, असे बालआहाराचे जाणकार सांगतात. पंगतीत सगळ्यांदेखत रागावू मात्र नये, आणि बदली म्हणून बिस्किटाचा पुडा तर मुळीच देऊ नये.

शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण आहे. ते ताटातच राहिले तर रजिस्टरातल्या आकड्यांनी पोट भरत नाही.

पण एक ‘नको’ वेगळा असतो. मेथी नको म्हणणारे मूल आमटी तरी खाते. एखादे मूल मात्र कशालाच शिवत नाही, घरून डबा आणते, आणि स्वयंपाकीण बदलली की दुसऱ्या दिवशी मुकाट्याने जेवते. हा जिभेचा नखरा नव्हे, घरातून शिकवलेला विटाळ आहे. त्यावर मसाला बदलून उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला, की शालेय आहाराच्या स्वयंपाकी आणि मदतनीसांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे. तेव्हा आपली भगिनी त्या चुलीपुढे उभी असेल तर ती कुणाच्या मेहेरबानीने नाही.

अशा वेळी मुलाला दोष देऊ नये. ते जे पाहते तेच करते. बोलायचे ते त्याच्या आईबापांशी. वाढण्याआधी अन्नाची चव शिक्षकांनी घ्यावी असा नियम आहे. गुरुजींनी ती सगळ्या मुलांसमोर घ्यावी, कुठे आत कोपऱ्यात नको. पालकांनाही बोलवावे. हट्टी घरातली आई एकदा त्या पंगतीत बसून जेवली, की तिचे मूल डबा दप्तरातून काढत नाही, असा माझा अनुभव आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या कितीतरी माता आहेत. पुढच्या बैठकीत एवढे तरी विचारा: ताटातले परत काय येते, कुणाच्या ताटातून येते, आणि स्वयंपाकीण बाईचे मानधन महिन्याच्या महिन्याला मिळते का?