बिघडलेला कॅमेरा आणि चंद्रावरची स्वारी

विज्ञानपटांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक कथेविषयी असते. यान कुठे गेले, यंत्राने बंड का केले, परग्रहावरचा पाहुणा चांगला की वाईट, याची चर्चा होते. ती दृश्ये कोणत्या यंत्राने आणि कशी टिपली, इकडे लक्ष कमी जाते. त्यामुळे आजच्या मुलांना जुना विज्ञानपट दाखवला की ती हसतात. संगणकावर घडवलेली दृश्ये पाहत वाढलेल्या डोळ्यांना १९०२ सालचा रंगवलेला चंद्र खोटा वाटणारच. त्यात मुलांचा दोष नाही. माझे म्हणणे एवढेच, की या चित्रपटांची खरी गोडी कॅमेऱ्याच्या पोटात काय चालते ते समजल्यावर लागते. मला ते एका कॅमेऱ्याच्या दुरुस्तीतून समजले. म्हणून या लेखात दुरुस्ती आणि चित्रपट असे दोन्ही विषय शेजारी बसले आहेत.

आधी बिघाड समजून घेऊ

कॅमेरा याशिका मॅट १२४ जी. एकावर एक अशी दोन भिंगे. वरच्या भिंगातून पाहायचे, खालच्याने चित्र टिपायचे. डिजिटल कॅमेरे येण्यापूर्वी गावोगावच्या स्टुडिओंत या जातीचे कॅमेरे दिसत. नंदुरबारमधला एक जुना स्टुडिओ बंद झाला, तेव्हा तो मी विकत घेतला. दिसायला उत्तम, पण संथ वेगांवर अडकणारा. सेकंदाच्या साठाव्या भागापासून वरचे सगळे वेग बरोबर चालत. वेग १ सेकंदावर ठेवला, की शटरची पाती उघडत आणि चार-पाच सेकंदांनी मिटत. थंडीतल्या सकाळी तर ती मिटतच नसत.

असे का होते? भिंगाच्या मधोमध पातळ पोलादी पाती असतात, तेच शटर. चाप दाबला की ताणलेली स्प्रिंग सुटते, पाती उघडते आणि मिटवते. वेगवान उघडझापीला स्प्रिंगचा जोर पुरतो. पण पाती पूर्ण सेकंदभर उघडी ठेवायची, तर त्या जोराला कुणीतरी मोजून अडवावे लागते. त्यासाठी आत इवल्या दातेरी चाकांची एक साखळी असते. तिच्या शेवटच्या चाकाला एक डोलणारा तुकडा एकेक दात अडवत, सोडत जातो. संथ वेगावर जी बारीक ‘कुर्रर्र’ ऐकू येते, ती त्याचीच. किल्लीच्या घड्याळात टिकटिक करणारी रचना याच तत्त्वावर चालते.

या चाकांना कारखान्यात लावलेले वंगण पन्नास वर्षांनी घट्ट होते. आपल्याकडे त्यात हवामानाची भर. तापीकाठच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर राहतो. वंगणातला पातळ अंश पसरत पात्यांपर्यंत जातो, धूळ धरतो, आणि हिवाळ्यात त्याचा चिकटा होतो. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात काही तुटलेले नव्हते. आत फक्त मळ साचला होता.

हा फरक महत्त्वाचा ठरला. नंदुरबार सुरत-भुसावळ मार्गावर असल्याने मुंबईपेक्षा सुरत जवळ. तिथल्या एका दुकानाने कॅमेरा न उघडताच ‘पार्ट मिळत नाहीत’ म्हणून परत दिला. जो पार्ट लागतच नव्हता, तो न मिळण्याचे कारण पुढे करून एक चांगले यंत्र भंगारात जाण्याच्या बेतात होते. शेवटी मी आमच्याच बाजारातल्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिराकडे गेलो. सगळे त्यांना नाना म्हणतात. समोरचा भाग उघडल्यावर त्यांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, कॅमेरा मला कळत नाही. पण हे चाक माझ्या ओळखीचं आहे.”

त्यांची पद्धत लिहून ठेवण्यासारखी आहे. कोरा कागद घेऊन त्यावर कॅमेऱ्याची आकृती काढली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतीत त्याच्या जागी ठेवला. चाकांची साखळी घड्याळवाल्यांच्या पांढऱ्या पेट्रोलमध्ये बुडवून मऊ ब्रशने धुतली, वाळवली आणि पुन्हा धुतली. चाकांच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढेच घड्याळाचे तेल दिले. पात्यांना तेलाचा स्पर्शही होऊ दिला नाही. पाती कोरडीच हवीत. अडकलेल्या पात्यांवर तेल सोडणे हा घरगुती उपाय बरेच जण करतात, आणि चार दिवसांनी कॅमेरा पूर्वीपेक्षा जास्त अडकतो.

काम नीट झाले की नाही, हे मोबाइलवर तपासता येते. सेकंदाला २४० चौकटी घेणाऱ्या संथगती चित्रणात शटर टिपायचे आणि पाती किती चौकटींत उघडी दिसतात ते मोजायचे. १ सेकंदाला सुमारे २४०, आठव्या भागाला ३०, तिसाव्या भागाला ८. आमच्या मोजणीत १ सेकंदाला २५० च्या आसपास चौकटी आल्या. पन्नास वर्षांच्या यंत्राला एवढी चूक माफ.

संथ सेकंदाचे मोल

एवढा खटाटोप एका सेकंदासाठी कशाला? याचे उत्तर स्टॅन्ले क्युब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या चित्रपटात आहे. संगणकाच्या साहाय्याने चित्रे घडवण्याचा काळ अजून यायचा होता. त्यातले ‘डिस्कव्हरी’ यान म्हणजे ५४ फूट लांबीची प्रतिकृती. चित्रपटातल्या यानाच्या मानाने ती खूपच लहान, तरीही पडद्यावर ते अवाढव्य वाटते.

आपला डोळा आकार कसा ओळखतो ते पाहा. जवळच्या लहान वस्तूचा फोटो काढला, तर तिचा पुढचा भाग स्पष्ट आणि मागचा पुसट येतो. दूरचा डोंगर मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत स्पष्ट येतो. प्रतिकृतीला डोंगराचा भास द्यायचा तर ती टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट यायला हवी. त्यासाठी भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते. छिद्र बारीक झाले की प्रकाश कमी, आणि ती तूट भरून काढायला शटर जास्त वेळ उघडे ठेवणे आले. म्हणून अशा दृश्यांत एकेका चौकटीला काही सेकंद देऊन, यंत्राच्या साहाय्याने अतिशय संथ हालचाल साधत चित्रण झाले. समजा एका चौकटीला ४ सेकंद लागले, तर पडद्यावरच्या एका सेकंदाच्या २४ चौकटींना ९६ सेकंद. पडद्यावर यान जे भारदस्तपणे सरकते, त्यामागे हे हिशेब आहेत.

दुरुस्तीनंतर मी हेच घरी करून पाहिले. अगरबत्तीची नळी, बाटलीची झाकणे आणि थर्माकोल यांचे यान केले आणि काळ्या कापडापुढे ठेवले. माझ्या भिंगाचे सर्वांत मोठे छिद्र एफ ३.५, सर्वांत लहान एफ ३२. दोन्हींतून येणाऱ्या प्रकाशात सुमारे ८४ पट फरक पडतो. मोठ्या छिद्राला जिथे सेकंदाचा १२५ वा भाग पुरला, तिथे लहान छिद्राला सेकंदाचा दोन-तृतीयांश भाग हवा. मी पूर्ण १ सेकंद दिला. पहिल्या फोटोत अगरबत्तीची नळी दिसते, दुसऱ्यात यान. मधे काय बदलले, तर नानांनी मोकळा केलेला तो सेकंद.

बिघाड आणि करामत

कॅमेऱ्याच्या बिघाडाचा आणि चित्रपटातल्या करामतींचा संबंध फार जुना आहे. ल्युमिए बंधूंचा पहिला सशुल्क खेळ पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी झाला. त्यांच्या यंत्रात फिल्म एक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते आणि पुन्हा सरकते. ही थांब-चाल लुई ल्युमिएला शिवणयंत्रावरून सुचली. तो खेळ पाहणाऱ्यांत जॉर्ज मेलिएस हा जादूगार होता. त्याला ल्युमिएंनी यंत्र विकले नाही, तेव्हा त्याने लंडनच्या रॉबर्ट पॉलचे प्रक्षेपण यंत्र घेऊन त्याचाच कॅमेरा करून घेतला. मेलिएसने स्वतः सांगितलेली हकीकत अशी: पॅरिसच्या ऑपेरा चौकात चित्रण चालू असताना फिल्म अडकली. ती सोडवून पुन्हा सुरू करायला मिनिटभर गेला. फिल्म धुऊन पडद्यावर पाहिली, तर प्रवाशांच्या गाडीची एकदम शववाहिका झाली होती! त्या मिनिटात चौकातली वाहने बदलली होती आणि कॅमेऱ्याने मधला काळ गाळला होता. पुढे हे अडकणे तो मुद्दाम घडवू लागला. १९०२ च्या त्याच्या चंद्रयात्रेत चंद्रवासी मार बसताच धुराच्या लोटात नाहीसे होतात, ते याच युक्तीने.

आपल्याकडे हे मर्म दादासाहेब फाळक्यांनी ओळखले. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणात झाली. त्या छोट्या चित्रपटाला मी आपल्याकडचा पहिला विज्ञानपट म्हणतो; त्यात कथा नाही, पण काळाला हवे तसे वाकवणे आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी बनवला. मावसभाऊ आनंदराव १९१६ मध्ये गेल्यावरही त्यांनी ध्यास सोडला नाही. यंत्रकामात निष्णात असलेल्या विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध झाला. त्यातूनच पुढे ‘सैरंध्री’ आला. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधले (१९३६) वैकुंठाला जाणारे विमान आठवा, त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक हेच दामले. यंत्र उघडू शकणाऱ्या हातांनीच ते उडवले.

माझ्या याशिकात हँडल फिरवल्याशिवाय चाप दबत नाही, कारण एकाच चौकटीवर दोन चित्रे पडणे हा लग्नाच्या फोटोत अनर्थ. पण फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) यंत्रस्त्रीभोवती वरखाली होणारी प्रकाशाची कडी याच अनर्थातून साधली आहेत: फिल्म मागे गुंडाळायची आणि त्याच चौकटींवर पुन्हा टिपायचे. ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये (१९३३) नटाला काळ्या मखमलीत गुंडाळून काळ्या मखमलीपुढे उभे केले, काळा भाग फिल्मवर काहीच उमटवत नाही, म्हणून वर चढवलेला सदराच तेवढा चालताना दिसतो. ‘२००१’मध्ये तर अर्धवट टिपलेली फिल्म न धुता काही महिने जपून ठेवून तिच्यावर पुढचे चित्र टिपले. एकदा चूक झाली, की सगळी मेहनत वाया. अनवधानाने झाले तर बिघाड आणि मोजूनमापून केले तर कला, एवढेच त्यांत अंतर आहे.

आपल्यापुढचा प्रश्न

‘२००१’ मला आणखी एका कारणाने जवळचा वाटतो: त्याच्या मध्यावर चक्क एक दुरुस्ती आहे. हॅल हा संगणक सांगतो, की एई-३५ हा भाग ७२ तासांत निकामी होणार. अंतराळवीर जीव धोक्यात घालून तो काढून आणतात आणि तपासतात. दोष सापडत नाही. मग हॅल सुचवतो, भाग परत बसवा आणि बिघडू द्या, म्हणजे कारण कळेल. कोणताही मेकॅनिक हा सल्ला ओळखेल. अधूनमधून येणारा बिघाड असाच पकडावा लागतो. भीती त्यापुढची आहे. इथे निदान करणाऱ्या यंत्रातच दोष आहे आणि ते उघडून पाहायला यंत्राची परवानगी नाही.

आज आपल्या हातातली बहुतेक यंत्रे तशीच बंद आहेत. नाना सत्तरी ओलांडून गेले आहेत, मुलगा मोबाइलची कव्हरे विकतो, आणि हे काम शिकायला त्यांच्याकडे कुणी येत नाही. त्यांच्या हातातले ज्ञान कागदावर फारसे नाही. असे ज्ञान जाताना आवाज होत नाही. ‘सैरंध्री’ आज पाहायला मिळत नाही, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तुकड्यांत उरला आहे. उलट ‘मेट्रोपोलिस’चा हरवलेला मोठा भाग २००८ मध्ये ब्यूनस आयरिसला सापडला, कारण तिथे कुणीतरी एक ओरखडलेली १६ मिलिमीटरची प्रत टाकून दिली नव्हती.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सुचवतो. घरात बंद पडलेला जुना कॅमेरा असेल, तर भंगारात देण्यापूर्वी आपल्या गावच्या घड्याळवाल्याला एकदा दाखवा, आणि तो उघडेल तेव्हा घरातल्या मुलांना शेजारी बसवा. त्यानंतर त्यांना मेलिएसची चंद्रयात्रा दाखवा. जेमतेम पंधरा मिनिटांची आहे. चंद्रवासी धुरात नाहीसा झाला, की चित्रपट थांबवून विचारा, कॅमेरा नेमका कुठे थांबवला असेल? आमच्या गल्लीतल्या मुलांना मी हेच विचारले. त्यांनी तो तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला. हसणे बंद झाले होते आणि वाद सुरू झाला होता.