बिनतारी गृहनियंत्रण उपकरणांचा विकास व चाचणी : साखरशेत परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
दिवा, पंखा, पाण्याचा पंप ही उपकरणे तारेविना परस्परांशी जोडून त्यांचे नियंत्रण करणे म्हणजे बिनतारी गृहनियंत्रण होय. शहरी सदनिकांसाठी विकसित झालेली ही व्यवस्था जव्हार-मोखाडा या डोंगराळ, अतिपावसाच्या भागातील साखरशेतसारख्या गावात कितपत टिकेल, हे उपकरणाच्या चाचणीवर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या चाचणीचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

प्रोटोकॉलचे स्वरूप :
निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकमेकांचे संदेश समजावेत म्हणून ठरविलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. 'झिगबी' हा प्रोटोकॉल २००३ च्या आयईईई ८०२.१५.४ या मानकावर आधारलेला असून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यास १६ वाहिन्या उपलब्ध असतात. 'झेड-वेव्ह' भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर'ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यातील उपकरणे घरातल्या घरात, इंटरनेटविना परस्परांशी संपर्क साधू शकतात. दुर्गम भागाच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा आहे.

उपकरणाचा विकास :
विकसकास रेडिओ चिपची निवड, अँटेनाची मांडणी व संगणकप्रणाली ही तिन्ही अंगे सांभाळावी लागतात. झिगबीच्या जाळ्यात विजेवर चालणारी उपकरणे इतरांचे संदेश पुढे पोहोचवितात, तर बॅटरीवरील संवेदक बहुतेक काळ निद्रिस्त राहतात. त्यामुळे वीज जाताच संदेशवाहक उपकरणे बंद पडतात आणि संवेदक चालू असूनही एकाकी होतात. वीज परत आल्यावर सर्व उपकरणे एकाच वेळी जाळ्यात परतू पाहतात. ही अवस्था विकासाच्या टप्प्यातच विचारात घ्यावी लागते.

चाचणीचे टप्पे :
पहिला टप्पा विद्युत व रेडिओ चाचणीचा होय. विद्युतचुंबकीय चाचणीची सोय 'समीर' या १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेत आहे. दुसऱ्या टप्प्यात उपकरण प्रोटोकॉलचे नियम पाळते किंवा नाही, हे तपासले जाते. झिगबी व मॅटरसाठी हे प्रमाणन 'कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्‌स अलायन्स' ही संघटना देते. तिसरा टप्पा प्रत्यक्ष घरातील असून तोच बहुधा उपेक्षित राहतो. मातीने लिंपलेला कारवीचा कूड कोरडा असताना लहरींना फारसा अडथळा करीत नाही. मात्र ओलावा धरल्यास लहरी अधिक शोषल्या जातात. पत्र्याचे छप्पर लहरी परावर्तित करते. म्हणून उन्हाळ्यात व पावसाळ्यात एकाच जागी ठरावीक संदेश पाठवून त्यांपैकी किती पोहोचले, याची नोंद घ्यावी. वीज वारंवार बंद-चालू करून दिवा व पंप कोणत्या स्थितीत परततात, तेही पाहावे. वीज येताच पंप आपोआप सुरू होणे धोक्याचे ठरू शकते.

निष्कर्ष :
प्रमाणपत्रावरून उपकरण नियमानुसार चालते एवढेच सिद्ध होते. विशिष्ट घरातील त्याची विश्वासार्हता सिद्ध होत नाही. संदेशमोजणीस महागडी साधने लागत नाहीत. ग्रामीण महाविद्यालयांतील विज्ञान विभागांनी विद्यार्थी-प्रकल्पांद्वारे अशा नोंदी केल्यास त्या विकसकांना मार्गदर्शक ठरतील.