संगणक भंगारात देण्याआधी

मैत्रिणींनो, मिक्सर कुरकुरायला लागला तर आपण लगेच नवा आणतो का? आधी दुरुस्तीवाल्याकडे नेतो, ब्रश बदलतो, भांड्याला नवं पातं बसवून घेतो. मग संगणकाच्या बाबतीतच "जुना झाला, आता नवाच घ्या" हे वाक्य आपण निमूटपणे का ऐकून घेतो?

सध्या हे वाक्य फार कानावर येतं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. 'विंडोज ११' साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारण २०१८ च्या आधीचे बरेच संगणक त्यात बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण दारं-खिडक्या उघड्या, अशी गत! त्यावर बँकेचे व्यवहार किंवा बचत गटाचे हिशेब करणं धोक्याचंच.

यावर एक बिनपैशाचा उपाय आहे, तो म्हणजे लिनक्स. विंडोजसारखीच ही ऑपरेटिंग सिस्टीम. कुणाला किती जागा द्यायची, कुणी कधी काम करायचं, हे पाहणारी संगणकाच्या घरातली कर्ती बाईच म्हणा ना! १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही ती घ्यावी, सुधारावी, वाटावी. चोरीची प्रत टाकून घेण्याची गरजच नाही. आपल्या केरळात सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकतात.

पण लिनक्सचे प्रकार अनेक. ज्वारीचं पीठ एकच, कुणी भाकरी थापतं तर कुणी धपाटे, तसंच. मग आपण कोणता घ्यायचा? इथे अंथरूण पाहूनच पाय पसरायचे. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. रॅम किती आणि सिस्टीम ६४ बिट आहे का, एवढं कागदावर टिपून घ्या.

रॅम ८ जीबी असेल तर 'लिनक्स मिंट'चा 'सिनॅमन' प्रकार घ्या. खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू. विंडोजची सवय असलेल्या बाईला परकं वाटत नाही. ४ जीबी असेल तर मिंटचाच 'एक्सएफसीई' हा हलका प्रकार बरा. २ जीबीच असेल तर 'लुबुंटू' पाहावं. मात्र एका वेळी दहा खिडक्या उघडण्याचा हट्ट धरू नये. संगणक ३२ बिटचा असेल तर यातल्या नव्या आवृत्त्या त्यावर चालणार नाहीत. तिथे पैसे आणि वेळ घालवण्याआधी जाणकाराला विचारा.

सगळ्यात छान गोष्ट म्हणजे, साडी अंगावर लावून बघावी तसं लिनक्स न बसवताच बघता येतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवून कॉलेजातल्या मुलाकडून किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून ती पेनड्राइव्हवर चढवून घ्या. मग संगणक त्यावरून सुरू करा. वायफाय लागतं का? आवाज येतो का? प्रिंटर, कॅमेरा चालतो का? मराठी टाइप होतं का? पेनड्राइव्हवरून काम थोडं संथ चालतं, त्याने घाबरू नका. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा सुरू करा, तुमची विंडोज जागच्या जागी!

पटलं तरी घाई नको. बसवण्याआधी फोटो, हिशेब, मुलांची प्रमाणपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि ती उघडतात का तेही पाहा. बसवताना 'सगळी डिस्क पुसा' हा पर्याय निवडला की जुनं सगळं जातं. जागा असेल तर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवता येतं.

आणि खरं सांगायचं तर हे सगळ्यांसाठी नाही. दुकानाचा हिशेब 'टॅली'वर असेल तर ते लिनक्सवर सरळ चालत नाही. जुन्या मराठी फाँटमधली पत्रकंही नीट दिसतीलच असं नाही. पण पत्रं, तक्ते, इंटरनेट, मुलांचे ऑनलाइन तास एवढंच काम असेल तर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मिंटमध्ये आधीच असतात. एमएस-सीआयटी केलेल्या बाईचा हात चार दिवसांत बसतो.

नव्या संगणकाला लागणाऱ्या पैशांत मुलीच्या वर्षभराच्या क्लासची फी निघू शकते. तेव्हा जुना संगणक भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी एक दुपार आणि एक पेनड्राइव्ह त्याच्यासाठी द्याच. मग, करून बघणार ना?