नावाचे रक्षण आणि मळ्याचा धनी

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात रोमाने-काँती या तांबड्या मद्याची १९४५ सालची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरांना विकली गेली. श्रीमंतांचा षोक म्हणून ही वार्ता सोडून देता येईल. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तीत जमिनीचा एक जुनाच प्रश्न दिसेल.

रोमाने-काँती हे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील एका मळ्याचे नाव. क्षेत्र अवघे १.८१ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. दिझाँ शहराच्या दक्षिणेकडील चुनखडीच्या, पूर्वाभिमुख उतारावर तो वसला आहे. बांधापलीकडेही पिनो न्वार जातीचीच द्राक्षे पिकतात, ऊन-पाऊसही तोच. भाव मात्र पुष्कळच कमी. धान्य महाग होते ते खंडामुळे नव्हे, धान्य महाग असते म्हणून खंड चढतो, असे रिकार्डोने १८१७ मध्ये प्रतिपादिले होते. त्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

मात्र हा भाव केवळ मातीचा नाही. तो नावाचाही आहे. मठवासी साधूंनी शतकानुशतके या उतारांची पारख केली. १७६० मध्ये काँतीच्या राजपुत्राने हा मळा घेतला; राज्यक्रांतीने तो जप्त करून विकला. पुढे भेसळ आणि नावाची चोरी यांना आळा घालण्यासाठी फ्रान्सने १९३५ मध्ये कायदा केला. कोणत्या हद्दीतील, कोणत्या जातीच्या आणि हेक्टरी किती उत्पन्नाच्या द्राक्षांच्या मद्याला कोणते नाव लावावे, हे तेव्हापासून ठरून गेले.

नाव सुरक्षित झाले. कसणारा झाला काय? नाव वाढले तशा जमिनीच्या किमती वाढल्या, आणि भावंडांच्या वाटण्या व वारसाकर भागविणे शेतकरी कुटुंबांना जड जाऊ लागले. क्लो दे लाँब्रे हा मळा २०१४ मध्ये चैनीच्या वस्तूंच्या एका बलाढ्य उद्योगसमूहाकडे गेला. १९३२ पासून एकाच घराण्याकडे असलेला क्लो द तार २०१७ मध्ये दुसऱ्या धनाढ्य घराण्याच्या कंपनीने घेतला. शेतजमीन विक्रीस निघाल्यास ती प्रथम खरेदी करण्याचा अधिकार फ्रान्समध्ये १९६० च्या दशकापासून खास संस्थांना आहे. पण जमिनीऐवजी कंपनीचे भाग विकून त्यातून पळवाट निघे. ती अडविण्यासाठी २०२१ मध्ये नवा कायदा करावा लागला.

हा धडा महाराष्ट्राला परका नाही. नाशिकची द्राक्षे आणि नाशिक खोऱ्यातील वाइन या दोहोंना १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली नोंदणी मिळाली आहे. या कायद्याचा एक विशेष असा की, नोंदलेले नाव विकता वा गहाण ठेवता येत नाही. ते प्रदेशाच्या सामाईक मालकीचे राहावे, हाच त्यामागील हेतू. तो स्तुत्य आहे, पण पुरेसा नाही. नाव गहाण पडत नसले तरी सात-बारा गहाण पडतो. नावामुळे वाढलेल्या किमतीचा वाटा द्राक्ष पिकविणाऱ्याच्या पदरात पडावा यासाठी बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी भाव ठरविताना एकत्र बसले पाहिजे आणि करारात आपला शब्द चालविला पाहिजे. नाव मोठे होण्याआधीच हे करणे शहाणपणाचे. कारण ते मोठे झाल्यावर मळ्याच्या दाराशी येणारा ग्राहक द्राक्षांचा नसतो, जमिनीचा असतो.